१०० पैकी ४० डोळे अजूनही वाळतात : सराव नेमका कसा करावा?

पन्हेरीवाला_वरुड यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. शेंदूरजना घाटाच्या बाजूला माझ्या काकांची संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका, आहे आणि बारावीनंतर मी तिथेच डोळे बांधण्याचे काम शिकलो. ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंभेरीचे किंवा रंगपूर लाइमचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या खोडावर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, साल दोन्ही अंगांनी अलगद उचलायची, चांगल्या नागपुरी संत्र्याच्या डोळकाडीवरून (डोळ्यांसाठी तोडलेल्या काडीवरून) एक डोळा, म्हणजे अंकुर, सालीसकट काढून त्या कापात सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. साधारण तीन आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा दिसला तर कलम लागले; तपकिरी पडला असेल तर ते कलम गेले.

हा माझा तिसरा हंगाम आहे. पहिल्या वर्षी माझी १०० पैकी ४५ कलमे लागली, दुसऱ्या वर्षी ६० लागली आणि यंदा आतापर्यंत सोडलेल्या वाफ्यांत ६२ चा हिशेब येतो आहे. माझ्या शेजारच्या सरीत बसणारे कारागीर काका बिडी ओढत, गप्पा मारत काम करतात, तरीही त्यांची नव्वदच्या खाली येत नाहीत. त्यांना विचारले की ते म्हणतात, "बांधत राय, हात बसते आपोआप." हात किती दिवसांत बसतो, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

मध्यंतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितले होते की कोणत्याही कामात तरबेज व्हायला १०,००० तास लागतात. मी हिशेब मांडला. डोळे बांधायचा हंगाम आमच्याकडे दोन महिने चालतो, दिवसाला आठ तास धरले तर वर्षाला ४८० तास होतात, म्हणजे मला एकवीस हंगाम लागतील. तेव्हा मी पंचेचाळिशीत असेन! हे खरे आहे का? आणि दुसरे असे की आज केलेली चूक मला तीन आठवड्यांनी कळते, तोवर मी आणखी काही हजार डोळे त्याच चुकीने बांधून मोकळा झालेला असतो. अशा कामाचा सराव करायचा तरी कसा, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_कलमकार यांचे उत्तर

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. मी बत्तीस वर्षे हे काम केले, आता गुडघ्यांमुळे वाफ्यात बसवत नाही म्हणून मुलाची पन्हेरी बांधावरून पाहतो. "हात आपोआप बसतो" हे वाक्य मीही माझ्या उस्तादांकडून ऐकले आणि पुढे नव्या पोरांना ऐकवलेही, परंतु ते पूर्ण खरे नाही. माझ्याबरोबर कामाला लागलेले दोघे जण वीस वर्षांनंतरही सत्तरीतच अडकलेले मी पाहिले आहेत. त्यांचा वेग वाढला, चूक मात्र जागच्या जागी राहिली. उलट वेग वाढल्यामुळे ती चूक अधिक सफाईने होऊ लागली.

माझ्या दुसऱ्या हंगामात माझी स्थिती तुमच्यापेक्षा वाईट होती. त्यातही माझे एक दुखणे विचित्र होते. पट्टी सोडली की डोळा हिरवागार दिसायचा, मी लागला म्हणून मोजायचो, आणि पुढे महिनाभर तो फुटायचाच नाही. एके दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उस्तादांनी माझ्याकडून वीस डोळे काढून घेतले आणि ओल्या पोत्यावर उलटे मांडायला लावले. मग एकेक उचलून ते सूर्याकडे धरू लागले. सात-आठ डोळ्यांच्या मागे मोहरीच्या दाण्याएवढा खळगा होता आणि दोघांतून तर सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसत होता. डोळ्यामागचे लाकूड काढताना मी ते झटक्याने ओढत होतो, त्यामुळे डोळ्याचा गाभा लाकडाबरोबर निघून जात होता आणि माझ्या हातात नुसते टरफल राहत होते. टरफल सालीला चिकटते, हिरवेही राहते, पण त्यातून फुटवा कुठून येणार? वर्षभर मी खुंटाला (ज्यावर डोळा बसवतो त्या रोपाला) आणि पाण्याला दोष देत होतो आणि चूक माझ्या अंगठ्यात होती. त्या दिवसापासून त्यांनी मला लाकूड काढायचेच नाही असे सांगितले. पातळ लाकडासकट डोळा घ्यायचा आणि तसाच बसवायचा.

तेव्हा तुम्ही पहिली गोष्ट ही करा की काम तोडून पाहा. डोळा बांधणे हे एक काम दिसत असले तरी त्यात चार निराळी कामे आहेत : खुंटावरचा काप, साल उचलणे, डोळा काढणे आणि पट्टी ओढणे. या चौघांपैकी तुमचे नेमके कोणते कच्चे आहे हे कळल्याशिवाय आणखी हजार डोळे बांधून काहीही उपयोग नाही. छाटून टाकलेल्या जंभेरीच्या फांद्या रोज संध्याकाळी घरी न्या आणि फक्त डोळे काढा, बांधू नका. तीस डोळे काढून फरशीवर उलटे ठेवा. मागची बाजू एका सपाट घावात निघालेली असली पाहिजे. तिच्यावर पायरी दिसली तर चाकू मध्ये थांबला असे समजावे, आणि कडा फाटलेली दिसली तर चाकूला धार नाही. खुंटाच्या कापाचेही तसेच आहे. तुटक्या रोपांवर काप घ्या आणि सालीची पाळी पूर्ण सोलून आतल्या लाकडावर चाकूचा ओरखडा उमटला आहे का ते पाहा. ओरखडा खोल असेल तर तुमचा हात जड आहे. हे सगळे त्याच घटकेला दिसते, त्यासाठी तीन आठवडे थांबावे लागत नाही.

दुसरे, प्रत्येक सरीच्या तोंडाला एक काडी रोवा आणि तिच्यावर तारीख, सकाळ की दुपार आणि डोळकाडी कोणत्या झाडाची एवढे लिहा. तिसरे, काकांची परवानगी घेऊन रोज दहा कलमे हिशेबातून सोडून द्या, म्हणजे आठ-दहा दिवसांनी ती उघडून पाहता येतील. जिथे डोळा आणि खुंट यांच्या मध्ये पांढरट भर धरायला लागली आहे तिथे तुमचा हात बरोबर चालला होता. दहा कलमांचे नुकसान होईल, पण पुढच्या हजारांच्या मानाने ते काहीच नाही.

साल सुटत नसेल तर मात्र सराव आणि कौशल्य दोन्ही बाजूला ठेवा आणि तीन-चार दिवस आधी वाफ्याला पाणी द्या. कोरड्या रोपावर उस्तादाचाही डोळा लागत नाही.

मास्तर_दारव्हा यांचे उत्तर

जुना_कलमकार काकांनी जे सांगितले त्याला मानसशास्त्रात जाणीवपूर्वक सराव म्हणतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात हा विषय शिकवतो, म्हणून व्हिडिओतल्या १०,००० तासांबद्दल आधी खुलासा करतो.

हा आकडा ज्या अभ्यासातून पसरला तो १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना त्यांनी आतापर्यंत एकट्याने किती सराव केला हे विचारले. सर्वांत चांगल्या गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी १०,००० तासांच्या पुढे निघाली. ती सरासरी होती, त्यामुळे त्या उत्तम गटातल्याही कित्येकांनी तोवर तेवढे तास भरलेले नव्हते, आणि तो आकडा ओलांडला की माणूस तयार होतो असे एरिक्सन यांनी कधीही म्हटले नाही. पुढे या आकड्याचा जो नियम करण्यात आला त्याला त्यांनी स्वतः जाहीरपणे आक्षेप घेतला. शिवाय एकट्याने केलेला सराव म्हणजे मैफलीत वाजवणे नव्हे. गुरूने दाखवलेली अवघड जागा पुन्हा पुन्हा घोटणे हा तो सराव. तुम्ही हंगामात आठ तास बांधता ती मैफल आहे, भाऊ. तुमच्या ४८० तासांतले सरावाचे तास किती, असे विचारले तर उत्तर कदाचित शून्याच्या जवळ येईल, आणि ही तुमच्यासाठी वाईट बातमी नसून चांगली बातमी आहे.

एरिक्सन यांचाच त्याआधीचा एक प्रयोग तुमच्या प्रश्नाला अधिक लागू पडतो. सेकंदाला एक या गतीने आकडे वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याने ते त्याच क्रमाने परत सांगायचे, एवढाच तो प्रयोग होता. सर्वसाधारण माणूस सातच्या आसपास थांबतो. अमेरिकेतला एक महाविद्यालयीन विद्यार्थी सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९ आकडे सांगू लागला. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. सरावाची रीत अशी होती की मालिका बरोबर आली तर पुढच्या वेळी एक आकडा वाढवायचा आणि चुकली तर एक कमी करायचा. म्हणजे त्याला प्रत्येक वेळी आपल्या ताकदीच्या काठावरच उभे राहावे लागे आणि चूक झाल्याचे त्याच क्षणी कळे. तो धावपटू होता, त्यामुळे आकड्यांचे गट तो शर्यतीतल्या वेळांसारखे लक्षात ठेवी. यात गंमत अशी की त्याला आकड्यांऐवजी अक्षरे दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबला. त्याची स्मरणशक्ती काही सरसकट वाढलेली नव्हती, एक विशिष्ट काम करण्याची युक्ती त्याला साधली होती. काका म्हणतात त्याप्रमाणे कोणते काम कच्चे आहे हे आधी ठरवावे लागते, त्याचे कारण हेच आहे.

उशिरा कळणाऱ्या चुकीची अडचण तुमच्या एकट्याची नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीतले क्ष-किरण चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांनी आज दिलेले मत बरोबर होते की चूक, हे अनेकदा पुष्कळ काळाने कळते आणि बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे नुसत्या वर्षांच्या अनुभवाने त्यांची नजर तितकी सुधारत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र रक्तस्राव झाला की लगेच समजते. यावर एरिक्सन यांनी सुचवलेला उपाय असा होता की ज्यांचा निकाल आधीच ठाऊक आहे अशा जुन्या चित्रांचा संग्रह करावा आणि डॉक्टरांनी त्यावर मत देऊन लगेच उत्तर ताडून पाहावे. तुमच्या पन्हेरीत असा संग्रह रोज तयार होतो आणि उकिरड्यावर जातो. पट्टी सोडल्यावर मेलेली कलमे फेकू नका. प्रत्येक कलम सोलण्याआधी ते कशाने मेले असावे याचा तोंडी अंदाज करा, मग सोलून पाहा आणि शक्य झाल्यास शेजारच्या काकांना दाखवा. ते समजावून सांगू शकत नसतील, पण मेलेला डोळा हातात दिला तर "हा सुकला" किंवा "ह्याला माती लागली" एवढे ते नक्की सांगतील. ज्याचा हात बसलेला असतो त्याला आपला हात काय करतो हे पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही. त्याच्यापुढे वस्तू ठेवावी लागते.

टंकलेखन_ताई यांचे उत्तर

मास्तरांचे काठावर उभे राहण्याचे म्हणणे मला पटले, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. मी मराठी टंकलेखनाच्या ३० शब्द गतीच्या परीक्षेची तयारी करत होते आणि चार महिने २६ शब्दांवर अडकले होते. रोज तोच उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टंकायचा आणि घड्याळ पाहायचे, असे माझे चालले होते. शेवटी एका मैत्रिणीने माझ्या शेजारी बसून केवळ माझी बोटे कुठे थबकतात तेवढ्याच खुणा उताऱ्यावर केल्या. सतरा खुणांपैकी बारा खुणा रफार आणि जोडाक्षरांवर होत्या. मग मी पंधरा दिवस पूर्ण उतारा टंकलाच नाही. "कार्यालय, वर्तमान, निर्णय, दर्जा" अशा शब्दांच्या ओळी सावकाश टंकत राहिले. त्या पंधरवड्यात माझी गती आणखी कमी झाली असे वाटून मी रडकुंडीला आले होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. मी पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले.

मास्तर_दारव्हा

ताई, तुमच्या अनुभवाला जोडून एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की रोज एकच तास शिकणाऱ्यांना तीच पातळी गाठायला रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. दिवस अर्थातच जास्त लागले, आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज हेच लोक होते. चांगला सराव करत असताना तो चांगला चालला आहे असे वाटतेच असे नाही.

बागवान_मोर्शी यांचे उत्तर

सर्वांचे म्हणणे वाचले. मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. माझी सहा एकर संत्र्याची बाग आहे आणि मी दरवर्षी कलमे विकत घेतो, त्यामुळे या कामाची दुसरी बाजू मला दिसते. डोळे बांधणाऱ्याला मजुरी कलमांच्या संख्येवर मिळते. दिवसभर उकिडवे बसून पाठ धरलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन तीस डोळे फुकट काढत बसेल, ही अपेक्षा मालकाच्या पुतण्याकडून करता येईल, रोजाने आलेल्या बाईकडून करता येणार नाही. सराव कमी पडतो असे आपण सहज म्हणतो, पण सरावाला लागणारा वेळ आणि वाया जाणारा माल कुणाच्या खिशातून जायचा, हा प्रश्न आधी येतो. मालकाने हंगामाच्या सुरुवातीला दोन दिवसांची पूर्ण मजुरी देऊन केवळ शिकवणी ठेवली तर त्याचाच फायदा होईल, असे मी माझ्या ओळखीच्या पन्हेरीवाल्यांना सांगत आलो आहे. आजवर कुणीही मनावर घेतलेले नाही.

आणि सगळे काही सरावाने साधते असेही नाही. या विषयावरच्या अनेक अभ्यासांची २०१४ साली एकत्र छाननी झाली. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि मैदानी खेळांत १८ टक्के निघाला, तर नोकरी-व्यवसायात तो एक टक्क्याहूनही कमी होता. मास्तरांनी हे सांगितले नाही म्हणून मी सांगतो.

मास्तर_दारव्हा

बागवान साहेब, आकडे बरोबर आहेत आणि ते मी आधीच द्यायला हवे होते. त्यावर एरिक्सन यांचा आक्षेप असा होता की त्या छाननीत नुसते काम करत राहण्याचे तासही सराव म्हणून मोजले गेले. व्यवसायांमध्ये हे विशेष घडते, कारण तिथे जाणीवपूर्वक सराव म्हणण्यासारखे फार थोडे लोक करतात. पण हा वाद तज्ज्ञांमध्ये मिटलेला नाही आणि उपजत फरक असतात हेही मी नाकारत नाही. तुमच्या मजुरीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. व्हायोलिनच्या त्या विद्यार्थ्यांचा सराव चालू असताना त्यांच्या घरची चूल दुसरे कुणी तरी पेटवत होते, ही बाब अभ्यास वाचताना आपण विसरतो.

पन्हेरीवाला_वरुड

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

पहिल्या संध्याकाळी तीस डोळे काढून फरशीवर उलटे मांडले आणि मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले. जुना_कलमकार काका, तुमचा खळगा मला एकातही सापडला नाही, कारण मी लाकडासकटच डोळा घेतो. मात्र अकरा डोळ्यांच्या मागे पायरी होती. नंतर लक्षात आले की पहिल्या दहांत एकच होती आणि शेवटच्या दहांत सहा होत्या. दुसऱ्या दिवशी चाकू दर दहा डोळ्यांनंतर दगडावर फिरवला, तेव्हा तिसांत चारच निघाल्या. आजवर मी चाकूला सकाळी एकदाच धार लावत होतो. शेजारचे काका गप्पा मारता मारता मांडीखालच्या दगडावर सारखा चाकू फिरवतात, हे मी तीन वर्षे रोज पाहत आलो आहे आणि ती त्यांची सवय आहे असे समजत आलो आहे.

मजुरीबद्दल बागवान काकांनी लिहिले ते मी आमच्या काकांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण रोज दहा कलमे सोडून द्यायला आणि काड्या रोवायला त्यांनी हो म्हटले. डिसेंबरात बांधलेल्या सरींवर काड्या नव्हत्या, म्हणून मजुरीच्या वहीवरून कोणती सर कोणत्या दिवशी बांधली ते जुळवले. मेलेली कलमे सगळीकडे सारखी नाहीत. तीन सरींत ती निम्म्याहून जास्त आहेत आणि या तिन्ही सरी बाजाराच्या दिवशी बांधलेल्या आहेत. त्या दिवशी आम्ही दुपारी कामाला बसतो आणि सकाळी तोडून आणलेल्या डोळकाड्या तोवर बांधावर ठेवलेल्या असतात, कधी ओल्या पोत्यात, कधी तशाच. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांतली पाच कलमे सोलून शेजारच्या काकांच्या हातात दिली. पहिली तीन त्यांनी बोटाने नुसती दाबून बाजूला टाकली आणि म्हणाले, "हे बांधायच्या आधीच मेले होते बाप्पा." चौथ्याला त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि मग माझा चाकू मागितला.